प्रत्येक आरोपी, प्रत्येक आरोप

एका वाक्याने मला गेले तीन आठवडे अडवून ठेवले आहे. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत एकाच खटल्यात अनेक आरोपी आणि अनेक आरोप एकत्र आले, की न्यायाधीश ज्यूरीला ज्या सूचना वाचून दाखवतात त्यांत हे वाक्य हमखास असते. त्याचा आशय असा, की प्रत्येक आरोपीवरील प्रत्येक आरोपाचा विचार ज्यूरीने स्वतंत्रपणे करावा, आणि एका आरोपाबाबत किंवा एका आरोपीबाबत जो निर्णय होईल त्यावरून दुसऱ्या आरोपाचा किंवा दुसऱ्या आरोपीचा निर्णय ठरवू नये. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी मी अशा सूचनांचे मराठी भाषांतर करीत आहे. बाकीची वाक्ये बऱ्यापैकी मार्गी लागली असताना हे एक मात्र मनासारखे उतरत नाही.

पहिली अडचण भाषेची आहे. मराठीत ‘आरोप’ या शब्दाचे अनेकवचन ‘आरोप’ असेच होते आणि ‘आरोपी’चे अनेकवचनही ‘आरोपी’च. ‘आरोपीविरुद्धचा पुरावा’ आणि ‘आरोपींविरुद्धचा पुरावा’ यांत फरक आहे तो फक्त एका अनुस्वाराचा, आणि मजकूर मोठ्याने वाचला तर तो फरक ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचेलच असे नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात एके ठिकाणी तो अनुस्वार चुकून पडला होता, आणि तेवढ्याने एका माणसाविरुद्धचा पुरावा चौघांविरुद्धचा झाला होता. मसुदा चौथ्यांदा वाचताना ते माझ्या लक्षात आले आणि मी बराच वेळ त्या टिंबाकडे पाहत राहिले, कारण ही सूचना जी चूक टाळण्यासाठी दिली जाते, नेमकी तीच चूक माझ्या हातून कागदावर उतरली होती.

या सूचनेत ज्यूरीकडून किती मागितले जाते हे नीट समजावे म्हणून मी एका कोऱ्या कागदावर चौकटी आखल्या. खटला काल्पनिक घेतला: गोदामावर पडलेला दरोडा, चार आरोपी, सहा आरोप. पहिला आरोप कटाचा, दुसरा प्रत्यक्ष दरोड्याचा, तिसरा शस्त्र वापरल्याचा, चौथा चोरीची गाडी बाळगल्याचा, पाचवा तपास अधिकाऱ्याला खोटे सांगितल्याचा आणि सहावा साक्षीदाराला धमकावल्याचा. पहिल्या आरोपीवर सहाही आरोप आहेत, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन आणि चौथ्यावर केवळ कटाचा एक. आडव्या ओळीत आरोप आणि उभ्या ओळीत आरोपी मांडले तर २४ चौकटी होतात, आणि त्यांतल्या १२ भरतात. या बारांपैकी प्रत्येक चौकटीत गुन्ह्याचे सगळे घटक वेगळे सिद्ध व्हावे लागतात, तेही वाजवी शंकेपलीकडे, आणि प्रत्येक चौकटीवर बाराही ज्यूरी सदस्यांचे एकमत व्हावे लागते. म्हणजे एकाच दालनात, एकाच वेळी, त्याच बारा माणसांपुढे खरे तर बारा खटले चाललेले असतात.

आता या कागदावरच्या चौथ्या आरोपीचा विचार करावा. त्याच्या ओळीत एकच चौकट भरलेली आहे. पण खटला जितके आठवडे चालेल तितके आठवडे तो त्याच रांगेत बसणार आहे. टेबलावर पिस्तूल ठेवले जाईल, फोडलेल्या कुलपाची छायाचित्रे हातोहात फिरतील, ज्याला धमकावले तो साक्षीदार साक्ष देताना रडेल. यांतले बरेचसे या माणसाविषयी नसेलच, तरी ते सगळे त्याच्या उपस्थितीत आणि त्याच्याकडे अधूनमधून पाहणाऱ्या ज्यूरीच्या समोर घडेल. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असे आपण सहज म्हणतो, आणि रोजच्या व्यवहारात माणसांची पारख करताना ते पुष्कळदा उपयोगीही पडते. या सूचनेला ज्यूरी सदस्यांच्या मनातून काढून टाकायची आहे ती आयुष्यभर मुरलेली हीच समजूत. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९४९ साली क्रुलविच खटल्यातील आपल्या स्वतंत्र मतात हेच सांगितले आहे: कटाच्या खटल्यात कोणी ना कोणी काहीतरी वाईट केल्याचा पुरावा समोर येतोच, आणि मग एकाच जातीची पाखरे एकत्र थव्याने राहतात असे मानायला तयार असलेल्या ज्यूरीपुढे एकट्या माणसाला आपली बाजू स्वतःच्या गुणावर उभी करणे अवघड होऊन बसते. सूचनेने हा परिणाम पुसता येतो ही समजूत भाबडी असून ती निव्वळ कल्पित आहे हे व्यवसायातला प्रत्येक वकील जाणतो, असेही त्यांनी तिथेच लिहिले.

एवढे असूनही खटले एकत्र का चालवतात, हा प्रश्न न्याय्य आहे, आणि त्याचे उत्तर केवळ खर्चाचे नाही. धमकावलेल्या साक्षीदाराला तीच हकिगत चार वेगवेगळ्या ज्यूरींपुढे चारदा सांगायला लावणे, प्रत्येक वेळी नव्याने उलटतपासणीला उभे करणे, हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय शेवटच्या आरोपीला आधीच्या तीन खटल्यांत सरकारी पक्षाचा सगळा पुरावा आयता पाहायला मिळतो, आणि चार ज्यूरींनी एकाच घटनेबद्दल चार परस्परविरोधी निर्णय दिले तर न्यायव्यवस्थेवरचा विश्वास डळमळतो. म्हणून फेडरल फौजदारी नियमांतील आठवा नियम खटले जोडायला मुभा देतो आणि चौदावा नियम, एखाद्याचे नुकसान होणार असेल तर, ते वेगळे करायला. १९९३ सालच्या झाफिरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरोपी एकमेकांवर दोष ढकलत आहेत एवढ्यावरून खटला वेगळा करावाच लागतो असे नाही. नुकसानाचा गंभीर धोका असेल तरच तो वेगळा करावा, आणि पुष्कळदा योग्य सूचनेनेही धोका टळतो. म्हणजे वेगळ्या खटल्याचा हक्क आक्रसत गेला तसतसे त्या एका वाक्यावरचे ओझे वाढत गेले. मला वाटते, ज्या वाक्यावर इतके ओझे टाकायचे ते वाक्य निदान लक्षपूर्वक घडवलेले तरी असावे.

कटाचा आरोप आला, की हे ओझे दुप्पट होते. १० जून १९४६ या एकाच दिवशी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णय दिले, आणि ते शेजारी ठेवून वाचावेत असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सुचवते. पहिला कोटियाकोस खटल्याचा. घरांसाठीच्या सरकारी हमीच्या कर्जांत खोटी माहिती देऊन फसवणूक केल्याबद्दल ३२ जणांवर आरोप ठेवले गेले, १९ जणांवर खटला उभा राहिला, १३ जणांचे प्रकरण ज्यूरीपर्यंत पोहोचले आणि सात जण दोषी ठरले. या सगळ्यांना जोडणारा दुवा एकच होता, कर्जे मिळवून देणारा एक दलाल. त्याच्याकडे आलेल्या टोळ्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. चाकाला आरे आहेत, ते मधल्या तुंब्याला जाऊन मिळतातही, पण बाहेरची धाव मात्र नाही, असे त्याचे वर्णन झाले. पुरावा आठ किंवा अधिक वेगवेगळ्या कटांचा होता, आणि खालच्या न्यायाधीशांनी मात्र ज्यूरीला एकच कट असल्यासारख्या सूचना दिल्या होत्या. न्यायमूर्ती रटलेज यांनी लिहिलेल्या निर्णयाने शिक्षा रद्द केल्या. त्यातला गाभ्याचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो: आपल्याकडे दोष वैयक्तिक असतो, माणसे एकत्र गोळा करून त्यांच्यावर तो घाऊक लादता येत नाही.

त्याच दिवशीचा दुसरा निर्णय पिंकर्टन खटल्याचा. वॉल्टर आणि डॅनियल हे दोघे भाऊ, करचुकव्या दारूचा धंदा, कटाचा एक आरोप आणि प्रत्यक्ष गुन्ह्यांचे दहा. ज्यूरीने वॉल्टरला त्यांतल्या नऊ आणि डॅनियलला सहा गुन्ह्यांत दोषी ठरवले, शिवाय दोघांनाही कटात. डॅनियलने ते सहा गुन्हे स्वतःच्या हाताने केल्याचा पुरावा नव्हता. तरीही कट चालू असताना कटाच्या उद्देशाने एका साथीदाराने केलेला गुन्हा दुसऱ्याच्या माथी येतो, असे न्यायालयाने ठरवले. रटलेज इथे विरोधात होते, आणि त्यांनी दाखवून दिले की यांतले काही गुन्हे घडले तेव्हा डॅनियल तुरुंगात होता. या दोन निर्णयांतून निघालेल्या सूचना आज एकाच ज्यूरीला, कधी एकाच दुपारी, वाचून दाखवल्या जातात. एक सांगते की प्रत्येकाचा विचार वेगळा करा. दुसरी सांगते की अमुक गोष्टी सिद्ध झाल्या तर एकाचे कृत्य दुसऱ्याचे समजता येईल. कायद्याच्या दृष्टीने त्यांत विसंगती नाही, कारण दुसऱ्याच्या कृत्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकायची तो कटात होता की नाही हे आधी त्याच्या एकट्याच्या चौकटीत ठरवायचे असते. पण हा ‘आधी’ सूचनेत ठळकपणे सांगितलेला नसेल, तर ऐकणाऱ्याला पहिली सूचना दुसरीने खोडून काढल्यासारखी वाटते. मी भाषांतरात या दोन परिच्छेदांच्या मध्ये हा क्रम स्पष्ट करणारे एक वाक्य घातले आहे, आणि ते मूळ मजकुरात नाही याची नोंदही केली आहे.

सूचनेच्या ताकदीची खरी परीक्षा मात्र सहआरोपीच्या कबुलीजबाबाने होते. पोलिसांपुढे एकाने दिलेली कबुली त्याच्या स्वतःविरुद्ध पुरावा ठरते, पण त्याच कबुलीत त्याने दुसऱ्याचे नाव घेतले असेल आणि तो स्वतः साक्षीला उभा राहत नसेल, तर त्या दुसऱ्याला त्याची उलटतपासणी घेता येत नाही. मग न्यायाधीश सांगतात, की ही कबुली अमक्याविरुद्ध विचारात घ्या, तमक्याविरुद्ध घेऊ नका. १९५७ साली डेली पाओली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढी सूचना पुरेशी मानली. अकरा वर्षांनी, १९६८ साली, ब्रुटन खटल्यात ते मत फिरले. टपालाच्या सशस्त्र लुटीचा खटला ब्रुटन आणि इव्हान्स या दोघांवर एकत्र चालला. इव्हान्सने टपाल निरीक्षकापुढे कबुली देताना ब्रुटनचेही नाव घेतले होते. अपिलात असे झाले, की ती कबुली इव्हान्सविरुद्धच ग्राह्य नव्हती असे ठरून कबुली देणाऱ्या इव्हान्सची शिक्षा रद्द झाली, आणि ज्याच्याविरुद्ध ती विचारातच घेऊ नका असे ज्यूरीला सांगितले होते त्या ब्रुटनची शिक्षा मात्र, सूचना दिलेली होती या कारणावरून, कायम राहिली. हा परिच्छेद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आपण काहीतरी उलटे वाचले असे समजून पुन्हा मागे गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ब्रुटनचीही शिक्षा रद्द केली आणि मान्य केले, की काही संदर्भ असे असतात जिथे ज्यूरी सूचना पाळू शकणार नाही हा धोका फार मोठा असतो आणि चूक झाल्यास आरोपीचे होणारे नुकसानही तितकेच मोठे.

त्यानंतरचा प्रवास हा कबुलीतून नाव कसे काढायचे याचा आहे. १९८७ सालच्या रिचर्डसन विरुद्ध मार्श या खटल्यात कबुलीतून दुसऱ्या आरोपीचा उल्लेखच नाहीसा केला होता, आणि न्यायालयाने ती पद्धत सूचनेसह मान्य केली. ज्यूरी सूचना पाळते हे गृहीतक सत्याच्या पक्क्या खात्रीपेक्षा व्यावहारिक तडजोडीवर उभे आहे, असे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी तिथे मोकळेपणाने लिहिले, आणि या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचे मत पटत नसतानाही आदर वाटतो. १९९८ सालच्या ग्रे विरुद्ध मेरिलँड या खटल्यात नाव नुसते गाळले होते. साक्ष देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने कबुली मोठ्याने वाचली आणि जिथे नाव होते तिथे दर वेळी ‘वगळले’ असा शब्द उच्चारला. वाचन संपताच सरकारी वकिलांनी त्याला विचारले, की ही माहिती मिळाल्यावर तुम्हाला ग्रे यांना अटक करता आली ना, आणि त्याने ‘हो’ म्हटले. दालनातल्या कोणाला ते गाळलेले नाव ओळखता आले नसेल? न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिले, की ज्यूरी सदस्याने फक्त नजर वर करून समोर बसलेल्या आरोपीकडे पाहायचे, की रिकाम्या जागेचे उत्तर मिळते. आणि ही कबुली याच्याविरुद्ध वापरू नका ही न्यायाधीशांची सूचनाच ते उत्तर पक्के करते. ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत नाकारली गेली. २०२३ साली सामिया खटल्यात मात्र नावाऐवजी ‘दुसरी व्यक्ती’ असे शब्द घातलेली कबुली, सूचनेच्या जोडीने, ६ विरुद्ध ३ मतांनी चालवून घेतली गेली. ‘वगळले’ आणि ‘दुसरी व्यक्ती’ यांतले अंतर मला समजते, पण तीनच माणसे समोर बसलेली असताना ते अंतर ज्यूरीच्या मनात किती टिकेल याबद्दल विरोधी मत देणाऱ्या तीन न्यायमूर्तींना वाटलेली शंका मलाही वाटते.

निर्णयांतील विसंगतीचा प्रश्न याच चौकटींतून निघतो. १९३२ सालच्या डन खटल्यात एकाच माणसावर दारूसंबंधीचे तीन आरोप होते. ज्यूरीने दारू बाळगल्याच्या आणि विकल्याच्या आरोपांतून त्याला सोडले, पण दारूचा अड्डा चालवल्याबद्दल दोषी ठरवले. न्यायमूर्ती होम्स यांनी सांगितले, की प्रत्येक आरोप स्वतंत्र आरोपपत्रासारखा धरावा; निर्णय एकमेकांशी जुळलेच पाहिजेत असे नाही. पुष्कळांना हा निर्णय खटकतो. मला तो सूचनेशी इमान राखणारा वाटतो. ज्यूरीला एकीकडे प्रत्येक चौकट स्वतंत्र धरा असे सांगायचे आणि दुसरीकडे सगळ्या चौकटींची उत्तरे जुळवून आणली नाहीत म्हणून तिला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

इंग्लंडमधील क्राउन कोर्टात अलीकडे एक चांगली पद्धत रुळली आहे. न्यायाधीश ज्यूरीला तोंडी सूचनांबरोबर प्रश्नांची एक लेखी मालिका देतात, प्रत्येक आरोपीसाठी आणि प्रत्येक आरोपासाठी वेगळी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘खात्री नाही’ असे आले, की त्या आरोपापुरता निर्णय ‘निर्दोष’ आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचेच नाही. ‘खात्री आहे’ असे आले तरच पुढे जायचे. माझ्या हातातल्या वाक्याला जे काम एकट्याने करायचे आहे ते इथे कागदाची मांडणी करते. माणसाच्या मनाला ‘वेगळा विचार करा’ असे सांगण्यापेक्षा एका वेळी एकाच माणसाबद्दल एकच प्रश्न विचारणे जास्त परिणामकारक असते. अमेरिकेतील खटल्यांतही निर्णयपत्रक असते, पण त्यावर बहुतेक वेळा आरोपीचे नाव, आरोपाचा क्रमांक आणि खाली ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढेच असते. उत्तर लिहायची जागा मिळते, तिथवर पोहोचायची वाट दाखवलेली नसते.

सूचना कधी दिली जाते यालाही महत्त्व आहे. पिस्तूल टेबलावर ठेवले जाते त्या क्षणी न्यायाधीशांनी सांगितले, की हा पुरावा फक्त पहिल्या आरोपीवरील तिसऱ्या आरोपासाठी आहे, तर ऐकणारा तो योग्य चौकटीत ठेवू शकतो. तीच गोष्ट सहा आठवड्यांनी, साठ-सत्तर पानांच्या सूचनांत मधेच कुठेतरी सांगितली तर तोवर पुरावा सगळ्या चौकटींवर सांडून गेलेला असतो. आणखी एक प्रसंग असतो, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. खटला चालू असताना चौघांपैकी एक जण गुन्हा कबूल करून तडजोड करतो, आणि सोमवारी सकाळी ज्यूरी आत येते तेव्हा एक खुर्ची रिकामी असते. तो का गेला याचा तर्क करू नका आणि उरलेल्यांच्या बाबतीत त्याचा काहीही अर्थ काढू नका, अशी सूचना त्या वेळी दिली जाते. त्या सकाळी ती दोन वाक्ये सावकाश, खुर्चीकडे न पाहता, कोणी कशी उच्चारत असेल याचा विचार मी भाषांतर करताना पुष्कळदा केला आहे.

माझ्या वाक्याचे म्हणाल तर, ‘प्रत्येक आरोपीवरील प्रत्येक आरोपाचा स्वतंत्रपणे विचार करा’ ही रचना मी अखेर सोडून दिली. ती बरोबर आहे, पण एका दमात वाचली जाते आणि ‘प्रत्येक’ हा शब्द दोनदा येऊनही कानाला एकदाच जाणवतो. मी आता असे लिहिले आहे: “तुमच्यासमोर चार माणसे आहेत. एका वेळी एकाच माणसाचे नाव घ्या. त्याच्यावरचा एकच आरोप घ्या. त्या आरोपासाठी त्याच्याविरुद्ध जो पुरावा विचारात घेण्याची तुम्हाला परवानगी आहे तेवढाच समोर ठेवा आणि निर्णय करा. मग त्याच्यावरचा पुढचा आरोप घ्या, आणि ते संपले की पुढच्या माणसाचे नाव घ्या.” मुळात एक वाक्य होते, इथे पाच झाली आहेत, आणि मजकूर तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी समासात ‘लांबले’ असा शेरा लिहून तो मला परत पाठवला आहे. मी त्यांना चौकटींचा तो कागद जोडून पाठवला, चौथ्या आरोपीच्या ओळीतील एकमेव चौकट पेन्सिलीने गडद करून.